कोणी हाय का अजून?

१

खरं सांगू का, कॉम्प्युटरवाल्याला भूत-बित काही वाटत न्हाई. आमच्या धंद्यात एकच गोष्ट पक्की: वायर ढिली असती. गिऱ्हाईक रडत येतं, "अलीमभाई, सगळं गेलं!" आपण मागं हात घालायचा, वायर दाबायची, चहा प्यायचा, झालं. जालन्यात गांधी चमनजवळ माझं एका शटरचं दुकान, आणि तीन वर्षं मी हेच करून राह्यलो. वायर दाबतो आणि तोंड चालवतो. अम्मी म्हणती, अलीम झोपेत पण गिऱ्हाईक पटवतो.

तं ही २००९ ची गोष्ट, एप्रिलची. मोंढ्यामागच्या कॉलनीतून बेबीनंदाताईंचा फोन आला. ताई शाळेत शिकवतात, चाळिशीच्या, लग्न केलं न्हाई. घरात त्या आणि त्यांचे वडील काकासाहेब, म्हणजे ताईंचे आबा, दोघंच.

"अलीम, दादानं पुण्याहून तो डबा पाठवला ना, त्याच्यात आबांच्या फायली उतरूनच न्हाई राह्यल्या. रोज फेल दाखवतं."

डबा म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची हार्डडिस्क. विटेएवढी काळी पेटी, पुढं एक हिरवा दिवा. रोज ठरल्या टायमाला कॉम्प्युटरातल्या फायली वायरीतून आपोआप त्याच्यात कॉपी व्हायच्या. एक मेलं तरी दुसरीकडं शिल्लक राहावं, एवढंच त्याचं काम.

आता काकासाहेब कोण? ज्यानं जालन्यात मोसंबीची हर्राशी बघितली, त्याला सांगायची गरज न्हाई. चाळीस वर्षं हा माणूस मोंढ्यात, म्हणजे मार्केट यार्डात, हर्राशी म्हणजे मालाचा लिलाव पुकारायचा. जमिनीवर मोसंबीचे ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं कडं, मधी काकासाहेब. माईक न्हाई, काही न्हाई. बोली थांबली की म्हणायचे, "एक वार... दोन वार..." मंग थांबायचे, कड्यावरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "कोणी हाय का अजून?" कोणी "हाय" म्हणलं की माल त्याच्याकडं आणि गिनती परत एकपासून. सगळे गप राह्यले की "तीन वार", आणि ढिगावर तळहात. हात पडला की माल गेला. एकदा टेंभुर्णीचा एक जण कड्यात उभा राहून मोबाइलवर बायकोला म्हणला, "हाव, मी हाय ना!" आणि ढीग पडला त्याच्या नावावर. लई रडला. काकासाहेब म्हणले, "तोंडातून गेलं ना? मंग गेलं." तेव्हापासून त्या कड्यात लोक खोकायला पण घाबरायचे.

त्याच्या आदल्या वर्षी काकासाहेबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. गळ्याला भोक, त्याच्यावर पांढरा रुमाल, आणि बोलायला शाळेची पाटी. ऑपरेशनच्या आधी ताईंनी एक्केचाळीस दिवस रोज दुपारी माईक लावून त्यांचा आवाज भरून घेतल्ता. दिवसाला एक, अशा एक्केचाळीस फायली. आणि ज्या कॉम्प्युटरात त्या फायली, त्याची डिस्क आता टक-टक करत होती.

"ती गेली तं माझा बाप दुसऱ्यांदा मुका होईल रे," ताई म्हणल्या. "जल्दी ये."

२

गेलो, बघितलं, आणि हसूच आलं. बॅकअपचा टाइम लावल्ता दुपारी अडीचचा. आमच्याकडं लाइट जायची अडीचलाच! अर्ध्या कॉपीत डबा बंद पडला तं बिचारा काय करंल?

"ताई, टाइम बारा केला. चहा टाका."

चाळीस फायली सटासट गेल्या. एक्केचाळिसावी अडकली. लिहून आलं, कॉपी जुळत न्हाई. वायर बदलली. तेच. डब्याची जागा तपासली, भरपूर मोकळी. मंग दोन्ही फायली शेजारी उघडल्या. कॉम्प्युटरातली बावीस मिनिटं दहा सेकंद. डब्यातली बावीस मिनिटं सतरा.

आता बघा, कॉपी कमी भरू शकती, मधीच तुटू शकती. वाढंल कशी? झेरॉक्समधून कागद लांब होऊन निघतो का?

लावली. ही शेवटची फाइल, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची. काकासाहेब राजूरच्या गणपतीच्या गोष्टी सांगून राह्यलेत, ताईंच्या आईची आठवण काढून राह्यलेत, आणि शेवटी जरा भरल्या आवाजात, "बेबे, बंद कर आता. बस झालं." कॉम्प्युटरातली फाइल इथं खट करून संपती.

डब्यातली संपली न्हाई. मातीवर पाय घासल्यासारखा आवाज आला. एकाचे न्हाई, बऱ्याच जणांचे. कोणीतरी जागा करून द्यावी, कडं जरा मोठं व्हावं, तसं. आणि मंग अगदी सावकाश काकासाहेबांचा आवाज:

"एक वार."

ताईंचा चेहराच बदलला. "हे आबा घरात कधीच म्हणले न्हाईत. माल न्हाई तिथं वार कशाला, म्हणायचे. लहानपणी मला 'एक, दोन, तीन' म्हणून पळायला लावायचे न्हाईत, नुस्तं 'पळ' म्हणायचे."

"डिस्क खराब व्हायला लागली की इकडचं तिकडं चिकटतं, ताई," मी म्हणलं. मलाच पटलं न्हाई. सतरा वजा दहा, सात सेकंद. हे चिकटायला आधी कुठंतरी असायला तं पाहिजे ना?

न जुळलेली कॉपी पुसून डबा दुसऱ्या दिवशी परत नवी घेणार होता. म्हणलं, उद्या होईल बराबर.

३

दुसऱ्या दिवशी दुकानातून नवा स्विच घेऊन गेल्तो. म्हणजे वायरी जोडायची पेटी, ती पण बदलली. बाराला बॅकअप सुरू झाला. ताई आत चहा टाकत होत्या. बाजूच्या खोलीत काकासाहेब बाजेवर पडलेले, मधलं दार अर्धं उघडं.

एक्केचाळीस परत जुळली न्हाई. आज बावीस मिनिटं एकतीस.

शेवटाकडं सरकवली. "बेबे, बंद कर आता. बस झालं." मंग ते पाय. कालचं "एक वार" गायब. त्याच्या जागी:

"दोन वार."

शांतता. पण रिकाम्या खोलीची न्हाई. पन्नास माणसं श्वास दाबून उभी असली की जी शांतता असती ना, ती. आणि मंग, इतकं जवळून की मी मागं वळलो:

"कोणी हाय का अजून?"

आता मी कोण? अलीम. शाळेत हजेरी घेताना दुसऱ्याच्या नावाला पण 'हजर' म्हणणारा. तोंडातून निघूनच गेलं.

"हाय ना काकासाहेब! मी हाय!"

आणि हसलो.

बाज करकरली. काकासाहेब दारात. गळ्यावरचा रुमाल पडलेला, भोकातून हवा शिट्टी मारल्यासारखी आत-बाहेर. तो सत्तरीचा माणूस धावत आला आणि त्यांनी तळहात माझ्या तोंडावर दाबला. इतक्या जोरात की दाताला ओठ लागला. मंग पाटी ओढली. खडूनं लिहिलं.

बोललास?

"अहो मजाक केली, काकासाहेब."

त्यांनी पुसलं, परत लिहिलं. माझा माल न्हाई तो.

"मंग कोणाचा?"

 लिहायला खडू टेकवला, आणि तसाच ठेवला. तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या. काकासाहेबांनी झटकन तळहातानं पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, डबा फेकून दे.

"आठ दिवसांपासून हेच लिहून राह्यलेत," ताई हळूच म्हणल्या. "स्वतःचा आवाज ऐकवत न्हाई रे त्यांना. तू घे चहा."

मी चहा घेतला. ताईंना काही सांगितलं न्हाई. सांगायचं तरी काय?

४

तिसऱ्या दिवशी ताई शाळेत होत्या. दार काकासाहेबांनी उघडलं आणि आडवे उभे राह्यले. मी म्हणलं, "काकासाहेब, ताईंनी बोलवलंय, कामच हाय आपलं." ते बाजूला झाले, पण खोलीत आले न्हाईत.

फाइल बावीस मिनिटं अठ्ठेचाळीस.

पाय. मंग एक आवाज, दात काढत, लई खूश: "हाय ना काकासाहेब! मी हाय!" आणि हसणं.

मी.

खुर्ची मागं सरकवली. मंग डोकं चालवायला लागलो, कारण डोकं चाललं की भीती कमी होती. माईक कुठं हाय? कपाटात, खोक्यात, खोक्याला रबर. कॉम्प्युटरामागचं माईकचं भोक बघितलं, त्याच्यावर धूळ, जाळं. डब्यात माईक असतो का? डब्यात दोन डिस्क आणि एक पंखा असतो. तसला एक डबा मीच तं मागं खोलून बघितल्ता. स्पीकरमधून वाजलेलं कॉम्प्युटर स्वतः भरून घेऊ शकतं, तसली एक सोय असती, हे खरं. पण खोलीतला माणूस हसलेला कसा भरंल?

आणि फाइल अजून चालूच होती.

"हाय," काकासाहेबांचा आवाज म्हणला. समाधानानं. "आलं गिऱ्हाईक."

पाय सरकले. आता माझ्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी, असं वाटलं.

"एक वार."

तेव्हाच वास आला. सडक्या मोसंबीचा, ढिगाच्या तळाशी दबलेल्या, पाणी सुटलेल्या. इकडं-तिकडं हुंगलं. माझ्या उजव्या हाताला येत होता.

मी वायर उपटली. आणि त्याच टायमाला कॉम्प्युटरातली डिस्क जोरात टक-टक-टक झाली आणि थांबली. परत चालू केला. काळा पडदा. डिस्क मेली.

ताई आल्या. ऐकलं आणि तिथंच फरशीवर बसल्या.  मंग म्हणल्या, "डब्यात हाय ना पण?"

"हाय."

"सगळ्या?"

"एक्केचाळीस."

"मंग वाचले," त्या म्हणल्या आणि रडायला लागल्या. "ने बाबा तुझ्या दुकानात. सीडीवर काढून दे. आता डब्यावर पण माझा भरोसा न्हाई."

५

दुकानात चाळीस फायली मस्त निघाल्या. एक्केचाळिसाव्याला हात लावायचा न्हाई असं ठरवून पण, दुसऱ्या दिवशी मी तिची कॉपी माझ्या कॉम्प्युटरावर घेतली. बघायचं होतं, खोट डब्यात हाय का ताईंच्या घरातल्या वायरिंगमधी. धंद्याची सवय.

"बेबे, बंद कर आता. बस झालं."

पाय.

"दोन वार."

मी दोन्ही हात तोंडावर दाबून बसलो.

"कोणी हाय का अजून?"

आणि त्या शांततेत मला माझ्याच दुकानातला टेबलफॅन ऐकू आला. त्याचं एक पातं जाळीला घासतं, खर्र-खर्र-खर्र. मी हात लांबवून फॅन बंद केला. फाइलीतला चालूच राह्यला. मंग फाइल संपली.

म्हणजे गणित साधं. कॉपी केली की एक वार पुढं. आता अजून एक कॉपी, आणि तीन.

त्या दिवसापासून डोक्यावर, टाळूच्या वर चार बोटं, काहीतरी धरल्यासारखं वाटायचं. टेकत न्हाई, दाबत न्हाई. ढिगावर हात पडायच्या आधी जसा वर थांबतो, तसं. हाताचा वास साबणानं गेला न्हाई, पेट्रोलनं गेला न्हाई. अम्मी म्हणली, "मोसंबी कहां खाके आया रे, हात तो धो." आणि बोली लावणारा मी का ढीग मी, हेच कळंना.

फाइल पुसून टाकायला बोट बटणापर्यंत गेल्तं. पण माल गायब केला म्हणून बोली सुटती का? कोणाला विचारू? ज्याला म्हाईत होतं, त्याला बोलता येत न्हाई, आणि पाटीवर तो 'डबा फेकून दे'च्या पुढं काही लिहीत न्हाई.

ताई रोज फोन करायच्या. मी रोज सांगायचो, "फेल होऊन राह्यलं, ताई." अकरा दिवस.

"चाळीस घेऊन जा ना ताई. एकच तं हाय."

"त्या एकातच ते मला बेबे म्हणले रे. बाकीच्यात नुस्त्या गोष्टी हायेत." मंग आवाज खाली करून, "मला विसरायला होऊन राह्यलं, अलीम. परवा आठवायला बसले, आणि आठवंना कसे म्हणायचे ते. समोर बसलाय बाप, आणि आवाज आठवंना."

६

बाराव्या दिवशी त्या रिक्षा करून दुकानातच आल्या. बरोबर काकासाहेब, काखेत पाटी. भर दुपारचे बारा, रस्त्यावर गाड्यांचा कल्ला. काकासाहेब पायरीवरच थांबले. डब्याच्या हिरव्या दिव्याकडं बघत.

"मला नुस्तं ऐकव," ताई म्हणल्या. "तुटकं असलं तरी चालंल."

मी माझ्या कॉम्प्युटरावरची कॉपी लावली. शेवट लावला. एवढं मला सांगायलाच पाहिजे, की "बस झालं" नंतर मला बंद करता आलं असतं. माउस माझ्या हातात होता.

"बेबे, बंद कर आता. बस झालं."

ताईंनी डोळे मिटले. पाय घासल्याचं त्यांनी ऐकलं का न्हाई, काय म्हाईत. मी ऐकलं.

"दोन वार."

मागं काकासाहेबांनी पाटी शटरवर आपटली. धाड, धाड. ताई वळल्या न्हाईत, नुस्ता हात वर केला, थांबा आबा, दोन मिनिटं. काकासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत एकच होतं: तुला तोंड हाय, बोल. आणि आयुष्यात कधी गप न बसलेला मी, खाली कीबोर्डाकडं बघत राह्यलो.

"कोणी हाय का अजून?"

मोंढ्यावाल्याची लेक. लहानपणी बापाबरोबर कड्यात उभी राहायची तं फ्रॉकचं टोक दातात धरून. तिला म्हाईत न्हाई असं न्हाई. पण आठ महिने मुक्या असलेल्या बापाचा आवाज आल्ता, आणि त्यानं कोणी हाय का विचारलं होतं.

"हाय ना, आबा," ताई स्पीकरला म्हणल्या. लहान पोरीसारख्या. "मी हाय."

फाइल संपली. बाकी काही झालं न्हाई. फक्त माझ्या हाताचा वास गेला. टाळूवरचं पण गेलं. मोकळं वाटलं, लई मोकळं, पहिला विचार तोच होता.

ताईंनी पदरानं डोळे पुसले. "चांगली चालू हाय की रे फाइल! फेल-फेल काय लावलं होतं? तीन सीड्या काढ बरं. एक मला, एक दादाला, एक पेटीत ठेवायला."

तीन.

"डब्यातूनच काढ," त्या म्हणल्या. "ती मूळची."

पहिली काढली. तपासायला हेडफोन कानाला लावला. "हाय ना, आबा. मी हाय." मंग तो समाधानाचा आवाज. "आलं गिऱ्हाईक. एक वार."

"बराबर हाय?" ताईंनी विचारलं.

मी मान हलवली.

दुसरी काढली. "दोन वार." काकासाहेब आत आल्ते. पाटीचा एक कोपरा फुटल्ता. उरलेल्या भागावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, मी हाय. आणि ती पाटी डब्यापुढं धरली. हिरव्या दिव्यापुढं, दोन्ही हातांनी, जसं कोणाला तरी दिसंल. हेडफोनात शांतता होती. पन्नास माणसं थांबलेली. "कोणी हाय का अजून?" काकासाहेबांनी पाटी डब्यावर ठोकली. मंग माझ्याकडं फिरवली. बोट अक्षरांवर ठेवलं, मंग स्वतःच्या ओठांवर, मंग माझ्या ओठांवर. वाच. मोठ्यानं वाच.

मी वाचलं असतं तं ते दोन शब्द कोणाच्या आवाजात गेले असते?

"काय लिहिलं रे आबांनी?" ताईंनी विचारलं. पाटी माझ्या बाजूला होती, त्यांना दिसत नव्हती. त्या उजव्या हाताची बोटं नाकाशी नेऊन हुंगत होत्या, कपाळाला आठी घालून.

मी तोंड उघडलं न्हाई. तिसरी सीडी काढली, ट्रेमधी ठेवली.

काकासाहेबांनी पाटी खाली ठेवली. लेकीच्या मागं जाऊन उभे राह्यले, आणि आपला तळहात तिच्या डोक्यावर धरला. टेकवला न्हाई. चार बोटं वर, उलटा, वरून काही पडलं तं झेलायला धरावा तसा.

"अजून एकच राह्यली ना?" ताई म्हणल्या.

मी ट्रे आत ढकलला.